तळ्यावर उतरणं

सिग्नल लाल झाला होता आणि गाडी थांबत नव्हती. आश्लेषाचा पाय ब्रेकवर होता, पुरता दाबलेला. पायाखाली ब्रेक थरथरत होता आणि तरीही पुढची पांढरी व्हॅन सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखी, जवळ येत होती. रात्री पडलेला पाऊस पहाटे गोठला होता. शॉमबर्गमध्ये, ते राहत होते त्या गावात, फेब्रुवारीत असं होतं. रस्ता नुसता ओला दिसतो आणि त्यावर काचेसारखा थर बसलेला असतो. शेजारी तिच्या नवऱ्याने, प्रसादने, दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकले आणि ओरडला, "ब्रेक मार! आशू, ब्रेक मार यार!" तिने ब्रेकवरचा पाय उचलला. का उचलला ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पायाने परस्पर केलं ते. चाकं पुन्हा फिरू लागली, कुठेतरी थोडी पकड आली, तिने स्टिअरिंग हलकेच उजवीकडे दिलं आणि गाडी कडेला साठलेल्या मळकट बर्फात नाक खुपसून थांबली. व्हॅनमधल्या माणसाला काही कळलंही नाही. सिग्नल हिरवा झाला आणि तो निघून गेला.

प्रसाद खाली उतरून बंपर बघून आला. "काही झालेलं नाही," तो म्हणाला. मग दार लावून घेतल्यावर, जरा वेळाने, "ब्रेक का सोडलास?"

"लागतच नव्हता."

"पण म्हणून सोडतं का कुणी?"

तिने गाडी मागे घेतली आणि सावकाश चालवत राहिली. त्यांना मॉलमध्ये जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या बघायला जायचं होतं. प्रसाद काही वेळ तिच्या हातांकडे बघत होता आणि मग त्याने रेडिओ लावला. उत्तर तिच्याकडे होतं, पण ते द्यायचं तर त्या घरात वर्षभर न निघालेला विषय काढावा लागला असता. चाकांऐवजी स्कीच्या पट्ट्यांवर बर्फात उतरणाऱ्या विमानाला ब्रेक नसतात. उतरलं की ते आपलं आपण थांबतं, किंवा थांबत नाही. कुठे थांबायचं ते टेकायच्या आधी ठरवावं लागतं, आणि एकदा घसरायला लागलं की पायांनी दाबण्यासारखं काही नसतं. तिच्या पायांना ते अजून आठवत होतं, यात नवल नव्हतं. दुसऱ्याच एका गोष्टीने तिला अस्वस्थ केलं होतं. गाडी घसरत होती, कुणाच्याच हातात नव्हती, तेव्हा तिला बरं वाटलं होतं. भीती नंतर आली, प्रसादचा आवाज आल्यावर. त्याआधी छातीत काहीतरी सुटून मोकळं झालं होतं, आणि ती चव तिने लगेच ओळखली होती. ती चव पुन्हा कधी घ्यायची नाही, असं तिने वर्षापूर्वी ठरवलं होतं.

पाच वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तिने ते विमान पहिल्यांदा पाहिलं. तिची विमा कंपनी, तिच्या टीममधली माणसं, विस्कॉन्सिनच्या पार उत्तरेला भाड्याने घेतलेलं लाकडी घर, टीम-बिल्डिंग का काय म्हणतात ते. बाकीचे आत पत्ते खेळत होते. ती गोठलेल्या तळ्यावर एकटीच उभी होती, कारण गोठलेल्या तळ्यावर आपण उभ्या आहोत ही गोष्ट नागपूरच्या मुलीला दोन दिवस झाले तरी खरी वाटत नव्हती. तेवढ्यात झाडांच्या शेंड्यांवरून एक पिवळं विमान आलं, लहान, खेळण्यातलं वाटावं इतकं, चाकांच्या जागी दोन लांबट पट्ट्या लावलेलं, आणि बर्फावर उतरलं. टेकल्याचा आवाज झाला नाही. कुणीतरी रेशमी कापड एका हिसक्यात फाडावं तशी एक लांब सळसळ झाली, आणि ते तिच्यापासून थोड्या अंतरावर येऊन उभं राहिलं. आतून एक उंच, वाकलेला म्हातारा उतरला. त्याचं नाव डेल. त्याच्या गायी होत्या, गवताची धावपट्टी होती, आणि बापाने ठेवलेलं हे कापडी अंगाचं दोन सीटचं विमान होतं. तो समोरच्या किनाऱ्यावरच्या बहिणीकडे अंडी पोचवायला निघाला होता आणि वाटेत उगीचच उतरला होता. "उगीचच?" तिने विचारलं होतं. "तळं रिकामं होतं," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून, "बसायचंय?"

ती बसली, आणि मग बसतच राहिली. उन्हाळ्यात घराजवळच्या विमानतळावर शिकून तिने लायसन्स घेतलं, आणि हिवाळा लागला की दर दोन-तीन शनिवारी पहाटे उठून, पाच तास ड्राइव्ह करून डेलकडे जायची. प्रसादला सुरुवातीला गंमत वाटली. मंडळाच्या कार्यक्रमात तो लोकांना सांगायचा, "आमच्याकडे पायलट मी नाही, ही आहे." मग गंमत ओसरली आणि त्याची सवय झाली. तो स्वतः कधी आला नाही. लहान विमानात त्याला मळमळतं. त्याच्या शनिवारांत तो काय करायचा ते तिने कधी विचारलं नाही, आणि तिच्या शनिवारांत काय असतं ते तिला सांगता आलं नसतं. सांगण्यासारखं असं होतं तरी काय? सकाळी इंजिनवर जाड गोधडी घालून खालून गरम हवा सोडायची, तेल पातळ होईपर्यंत वाट बघायची. पंखा हाताने फिरवायचा, कारण त्या विमानाला स्टार्टर नव्हता. बर्फावरून धावताना स्की खडखडायच्या, सगळं विमान डबड्यासारखं वाजायचं, आणि एका क्षणी तो खडखडाट तुटायचा. बस्स. त्यानंतर खाली झाडांच्या निळ्या सावल्या, हरणांच्या खुरांच्या टाक्यांनी शिवल्यासारखं दिसणारं रान, आणि एकामागून एक तळी, प्रत्येक तळं म्हणजे एक मैदान, कुठल्याही बाजूने उतरावं. उतरून इंजिन बंद केलं की जी शांतता पडायची तिच्यात थंड होणाऱ्या इंजिनची टिकटिक तेवढी ऐकू यायची, आणि मग तीही थांबायची. आठवडाभर ऑफिसात ती दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची. इथे अडीच-तीन मैलांत तिला चूक दाखवणारं किंवा तिने दाखवावी असं कुणी नसायचं.

डेलने तिला भीतीही नीट शिकवली होती. तो फार बोलत नसे, पण एकदा बोललेलं तीन-तीनदा बोलायचा. वरून सगळं सारखंच पांढरं दिसतं. वर पडलेल्या स्नोच्या भाराने खालचा बर्फाचा थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि स्नोच्या दुलईखाली न गोठता पडून राहतं. त्यात स्की गेली की चिखलात रुतल्यासारखी रुतते, आणि उघडा पडलेला तो लगदा बघता बघता गोठून स्कीला धरून ठेवतो. म्हणून कुठेही एकदम थांबायचं नाही. आधी नुसत्या स्की टेकवायच्या, घासत जायचं, पुन्हा उडायचं, वर एक गोल घेऊन आपल्याच खुणांकडे बघायचं. खुणा पांढऱ्या राहिल्या तर उतरायचं. करड्या पडायला लागल्या तर खाली पाणी आहे, घरी जायचं. आणि ऊन गेलं, ढग आले, की सावल्या जातात. सावल्या गेल्या की पांढऱ्यावर पांढरं, जमीन पाच हात खाली आहे की पन्नास ते डोळ्यांना कळत नाही. "माझा एक दोस्त जमीन अजून खाली आहे असं समजून तिच्यात शिरला," डेल म्हणाला होता. कॉफी ढवळत, शांतपणे.

बाबा आले ते त्यानंतरच्या एका डिसेंबरमध्ये. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. लोक आईवडिलांना मे-जूनमध्ये बोलावतात, तिनेही फोनवर तेच सांगितलं होतं, पण बाबा, पुरुषोत्तमराव, हट्टाने म्हणाले, "मला हिवाळाच बघायचाय." नागपूरच्या शाळेत ते आयुष्यभर भूगोल शिकवत आले होते. हिमनदी, टुंड्रा, गोठलेली सरोवरं, हे सगळं त्यांनी बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात, घामाघूम झालेल्या पोरांसमोर, पांढऱ्या खडूने काळ्या फळ्यावर काढलेलं होतं. शॉमबर्गच्या घरात ते खिडकीशी बसून असायचे. समोर एकसारखी दिसणारी टाउनहाउसेस, पार्किंग लॉट, मीठ टाकणारा ट्रक. पहिला स्नो पडला तेव्हा ते बाहेर जाऊन आले आणि म्हणाले, "हे हिम. भुसभुशीत. बर्फ वेगळा, बर्फ टणक. मराठीत लोक दोन्हीला बर्फच म्हणतात." एवढंच. तिला वाटलं होतं ते अजून काही बोलतील. आई असती तर बोलले असते बहुतेक. बाबांच्या बोलण्याला पुढे ढकलणारं माणूस गेलं होतं, आणि ती जागा कशी घ्यायची ते आश्लेषाला जमत नव्हतं. म्हणून जानेवारीतल्या एका शुक्रवारी ती म्हणाली, "बाबा, माझ्याबरोबर चला. खरं तळं दाखवते." प्रसाद म्हणाला, "या वयात? आशू, सीरियसली?" बाबा त्याला म्हणाले, "बूट देशील का तुझे?"

प्रसादचे बूट त्यांना मोठे झाले, म्हणून आत दोन जोड मोजे. डोक्यावर नागपूरहून आणलेली मरून माकडटोपी. डेलने त्यांच्याशी हात मिळवला, टोपीकडे कौतुकाने पाहिलं आणि त्यांना मागच्या सीटवर बसवून पट्टा आवळला. विमान वर गेल्यावर तिने मान वळवून पाहिलं. बाबा खिडकीला कपाळ लावून खाली बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. इंजिनच्या आवाजात ऐकू काहीच आलं नाही. ती उत्तरेकडे लांब गेली, नेहमीपेक्षा लांब, कारण त्यांना जास्त दाखवावंसं वाटत होतं. डेलला तिने तासाभरात येतो एवढंच सांगितलं होतं. कुठल्या तळ्यावर ते नाही, आणि त्या भागात तळी कुणी मोजत बसणार नाही इतकी.

तळं तिने निवडलं ते लांबुळकं, एका बाजूला पाइनची झाडं, त्यांत दोन-तीन उन्हाळी घरं, हिवाळ्यात बंद. तिने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. स्की टेकवल्या, घासत गेली, उडाली, गोल घेतला, खुणा पाहिल्या. पांढऱ्याशुभ्र होत्या. उतरली. वेग कमी होत होता, ती त्याच खुणांवरून वळून पुन्हा सुरुवातीला जाणार होती, तेवढ्यात खांद्यावर हात पडला. बाबा कानाशी ओरडत होते, "तिथे, झाडांजवळ थांबता येईल?" तिने त्या दिशेला पाहिलं. तिरप्या उन्हात पाइनच्या सावल्या तळ्यावर लांब पसरल्या होत्या. सुंदर होतं. इथे आल्यापासून बाबांनी मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती, प्रसादचे बूट सोडले तर. ती वळली आणि झाडांजवळ जाऊन थांबली, इंजिन बंद केलं.

बाबा उतरले. दहा-बारा पावलं चालून उभे राहिले. पाठीमागे हात बांधून, वर्गावर आल्यासारखे. ती शांतता त्यांनाही मिळावी म्हणून ती जवळ गेली नाही. मग तिचं लक्ष त्यांच्या पावलांच्या खुणांकडे गेलं. त्या काळसर होत होत्या. एकेका खड्ड्यात खालून पाणी भरत होतं, कुठलीही घाई न करता. तिने स्कीकडे पाहिलं. स्कीच्या कडेने करडा लगदा वर आला होता आणि त्याच्यावर पातळ साय धरायला लागली होती.

"बाबा, परत या. आहे त्याच पावलांवरून नको, इकडून या." तिचा आवाज तिला परका वाटला. ते आले, पण येताना एक पाय पोटरीपर्यंत आत गेला आणि बुटात पाणी शिरलं. "थंड आहे," ते म्हणाले, कुणाची तरी ओळख करून द्यावी तसे.

पुढचं सगळं भराभर आणि तरी फार सावकाश झालं. दोघांनी किनाऱ्यावरून पाइनच्या वाळक्या फांद्या ओढून आणल्या, स्कीच्या पुढे आणि खाली सारल्या. तिने वल्ह्यासारखी एक फळी घेऊन स्कीखालचा लगदा खरवडला. पंखा फिरवला, इंजिन लागलं. दोघं बसले. तिने सगळी ताकद दिली आणि विमान निघालं, पण ते धावेना. गुडघाभर पाण्यातून पळणाऱ्या माणसासारखं ओढत, धापा टाकत राहिलं. झाडं जवळ आली तशी तिने ताकद काढून घेतली, वळवून परत आणलं, पुन्हा फांद्या, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी इंजिन चालू ठेवूनच ती थांबली, आणि मागून बाबांचा आवाज आला.

"वजन माझंच जास्त होतंय ना?"

"तसं नाही बाबा..."

"तसंच आहे. मी उतरतो. तू जा आणि कोणाला तरी घेऊन ये."

"तुम्हाला इथे एकट्याला टाकून? काहीतरीच काय!"

"मग दोघं बसू. दोघं बसून काय होईल ते सांग मला."

वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलीला विचारावं तसं त्यांनी विचारलं. फोनला रेंज नव्हती. अंधार पडायला फार वेळ नव्हता, आणि ते कुठे आहेत हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनी स्वतःच पट्टा सोडवला आणि दार ढकललं. गार हवा आत आली. "पुढे जाऊ नका! पंखा आहे पुढे, मागून जा!" ती ओरडली. ते शेपटीच्या बाजूने गेले, एकदा सावरले, आणि फांद्यांवरून किनाऱ्याच्या दिशेने चालत राहिले. वळून हाताने त्यांनी नुसतं, चल, असं केलं.

तिने थ्रॉटल पुढे केला, इंजिनला सगळी ताकद दिली. विमान ओढलं, मग थोडं कमी ओढलं, शेपूट उचललं गेलं. स्कीखाली लगदा फसफसत होता. झाडं, झाडं, आणि मग तो तुटण्याचा क्षण, खडखडाट एकदम संपला आणि ती वर होती. मागची सीट रिकामी होती. विमान इतकं हलकं होतं की हातात दांडी नुसती धरली तरी वर जात होतं. शेंडे खाली गेले, समोर सगळं तांबूस, मोकळं, थंड आकाश. आणि तिने एक आवाज ऐकला. ती हसत होती. मोठ्याने, तोंड उघडं टाकून.

मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करताना तिला तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला. दुकानं उघडायला अजून अवकाश होता. प्रसाद म्हणाला, "मी कॉफी घेऊन येतो. तू बस, बाहेर घसरतंय." ती बसून राहिली. बाकीचं लोकांना माहीत होतं, आणि माहीत असलेलं तिला त्रास देत नव्हतं. त्या दिवशी तिने तळ्यावर गोल घेतला. खाली बाबा, मरून ठिपका, हात हलवत होते. ये म्हणत होते की जा, ते वरून कळत नव्हतं. तिला वाटलं ये म्हणताहेत. आपल्या पांढऱ्या खुणांवर उतरावं म्हणून ती खाली आली. पण सूर्य ढगात गेला होता, सावल्या गेल्या होत्या, तळं नुसतं दुधासारखं झालं होतं. जमीन अजून खाली आहे असं वाटत असतानाच स्की आदळल्या, विमान उसळलं, तिने कसंबसं सावरून वर नेलं आणि मग मागे न बघता डेलच्या घराकडे गेली. डेलने दोनच प्रश्न विचारले, कुठलं तळं आणि पाय ओला आहे का. ट्रकमागे स्नोमोबिल जोडून ते रस्त्याने निघाले. पोचले तेव्हा काळोख पडत होता. बाबा एका बंद घराच्या ओसरीवर बसले होते. ओला बूट आणि मोजे काढून ठेवलेले, पाऊल माकडटोपीत घातलेलं, वर मफलर गुंडाळलेला. डेलला बघून ते इंग्रजीत "गुड ईव्हनिंग" म्हणाले. ती त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडली. सगळ्यांनी ते रडणं पाहिलं आणि सगळ्यांना ते समजलं.

त्यांच्या डाव्या पायाची करंगळी गेली. काळी पडली, मग काढावी लागली. प्रसाद ओरडला नाही. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एवढंच म्हणाला, "तुला कळतंय का, काय होऊ शकलं असतं?" ती म्हणाली, "मी सोडते हे." एप्रिलमध्ये बाबा नागपूरला परतले. प्रसादला वाटत होतं, अपराधीपणाने सोडलं. मंडळातल्या काकूंनाही तसंच वाटत होतं, त्या तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. बरेच महिने तिलाही तसंच वाटायचं. पण बापाला बर्फावर सोडलं यात तिचा इलाज नव्हता, ते कुणीही मान्य केलं असतं. त्या हसण्याचं काय करायचं ते मात्र कुणाला विचारता येत नव्हतं. ते कुठल्या मुलीचं होतं? आई गेल्यानंतर नागपूरच्या घरातून परत येताना, विमानाने धावपट्टी सोडली तेव्हा असंच काही आत हललं होतं का? लग्न करून प्रसादबरोबर निघाली तेव्हा? तिने मागे जाऊन जाऊन पाहिलं, आणि प्रत्येक निघण्यात तिला ते थोडंफार दिसायला लागलं. मग तिने बघणं बंद केलं.

तिने पर्समधून परदेशी फोन लावायचं कॉलिंग कार्ड काढलं आणि नंबर फिरवला. नागपूरला रात्रीचे नऊ-सव्वानऊ झाले असणार. बाबांनी फोन लगेच उचलला, मागे टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

"बोल गं. आज सकाळीच?"

"सहज. गाडी घसरली थोडी. काही झालं नाही."

"लागलं नाही ना कोणाला?"

"नाही." कार्डावरच्या फोनमध्ये दर वाक्यानंतर एक पोकळी असायची, समुद्राएवढी. त्या पोकळीत तिने विचारून टाकलं. "बाबा, त्या दिवशी तळ्यावर मी वर गोल घेत होते, तेव्हा तुम्ही हात हलवत होतात. ये म्हणत होतात, की जा?"

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केल्याचं तिला कळलं.

"जा म्हणत होतो."

"मी परत उतरायचा प्रयत्न केला. मला वाटलं बोलावताय."

"हो, ते बघूनच घाबरलो मी. म्हटलं ही उतरते की काय पुन्हा." मग, इतक्या दिवसांनी, कुणी ढकलल्याशिवाय बोलायला लागले. "खरं सांगू का आशू? तू घिरट्या घालत होतीस आणि मी मनात म्हणत होतो, आता जा बाई एकदाची. तुझी आई गेल्यापासून मला कोणी एकटं असं सोडलंच नव्हतं गं. सगळी चांगलीच माणसं. इथे तुझे काका, तिथे तुम्ही. पण सारखं कोणीतरी तोंडाकडे बघतंय. तुझा आवाज झाडांपलीकडे गेला, आणि मग काही म्हणजे काहीच राहिलं नाही. मी त्या ओसरीवर बसलो आणि तुझ्या आईशी दोन शब्द बोललो. मोठ्याने. घरी कुठे बोलता येतं? मग पाय बधिर झाला तेव्हा भीती वाटली. ती नंतर. आधी नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू रडत होतीस. त्या रडण्यापुढे हे काय सांगायचं? आणि मग करंगळी काढली, मग तर बोलायची सोयच राहिली नाही."

"मला, बाबा, विमान सुटलं ना, तुम्ही खाली असताना... तेव्हा मला..."

"आनंद झाला असेल," बाबा म्हणाले. पोकळी आली आणि गेली. "होणारच. जेवलीस का?"

ती हो म्हणाली, सकाळ होती तरी. फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याच्या बरोबरीने एक बारीकसं काहीतरी टोचत होतं, आणि ते काय आहे ते कळायला तिला काही क्षण लागले. आता जा बाई एकदाची. वर्षभर ती समजत होती की तिने त्यांना मागे टाकलं. तिकडे ते खाली उभे राहून तिच्या जाण्याची वाट बघत होते. तिला ते लागलं होतं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, एका मॉलच्या पार्किंगमध्ये, बापाला आपण नको होतो याचं तिला लहान मुलीसारखं वाईट वाटत होतं, आणि ते वाईट वाटणं खोटं नव्हतं.

प्रसाद दोन कप सांभाळत, पाय फाकवून, बदकासारखा चालत आला. आत बसून त्याने तिचा कप तिला दिला. "बाबा होते का? काय म्हणाले?"

"बरे आहेत. बातम्या बघत होते." तिने कपाचं झाकण काढलं. "प्रसाद, मी पुढच्या शनिवारी डेलकडे जाऊन येणार आहे."

समोरच्या काचेवर दोघांच्या श्वासाने वाफ धरली होती. त्याने बाहीने ती थोडी पुसली, पलीकडे दुकानाचा माणूस दारापुढे मीठ टाकत होता. "उडवायला?"

"हो."

"मी येऊ का बरोबर?" त्याने विचारलं. मनापासून विचारलं, चांगला माणूस होता तो.

"नको," ती म्हणाली.

"बरं," प्रसाद म्हणाला आणि त्याने मान डोलावली, जरा जास्तच लवकर. त्याने कॉफीचा घोट घेतला, पाठ सीटला टेकवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर, डोळ्यांच्या कडांशी, काहीतरी सुटल्यासारखं झालं. अगदी एवढंसं. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं. मग दुकान उघडलं, आणि ते दोघं एकमेकांचा हात धरून, जपून पावलं टाकत, खुर्च्या बघायला गेले.